आईच्या नावाची चिठ्ठी

चष्मा कपाळावर चढवायचा, खुर्ची अर्धी वळवायची आणि विचारायचं, "लॉग आहे का?" लॉग म्हणजे यंत्राने स्वतः लिहिलेली नोंद. म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइममधल्या आमच्या ऑफिसात गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासतात, आणि तिथे या माणसाने बावीस वर्षं कोणाच्याही शब्दावर विश्वास ठेवला नाही. "काल चाललं होतं," असं कोणी म्हणालं, की हे म्हणायचे, "काल मीही तरुण होतो. लॉग दाखव."

असा एखादा तुमच्याही ऑफिसात असेल. पण आमचे हे काका, ऑफिसातले आम्ही मराठी लोक त्यांना काकाच म्हणायचो, ज्यू होते. अलिबागकडचे बेने इस्राएल. आडनावाच्या शेवटी 'कर' आणि मराठी माझ्याहून चोख. त्या आडनावामुळेच मी नवीन असताना फसले. आमच्याकडच्या सत्यनारायणाला बोलावलं आणि भोचकपणे गोत्र विचारलं. "अब्राहाम," ते म्हणाले. "चालेल?" नंतर शिरा मात्र दोनदा मागून घेतला.

दर हिवाळ्यात जेरुसलेमहून एक वृद्ध रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, दोन दिवस म्युनिकला यायचे. त्यांच्या आशीर्वादाने मूल होतं, गाठी विरतात, अशी ख्याती होती. काकू न चुकता जायच्या. घरी एलियाहू पैगंबराच्या नावाने मलिदा करायच्या. गोड पोहे, वर खोबरं आणि फळं. काका दोन बशा चापून म्हणायचे, "नवस तिचा, पोहे माझे."

रब्बींबद्दल त्यांचं मत ठाम होतं. "ज्यांना गुण येतो ते पुढच्या वर्षी केक घेऊन येतात. ज्यांना येत नाही, ते येतात का? त्यांचा लॉग कुठाय?" मी आमच्याकडच्या बुवांच्या अंगाऱ्याचा विषय काढला, तर खूश झाले. "गेनाऊ, अगदी बरोबर. तुमचा अंगारा, आमचा आशीर्वाद. डिपार्टमेंट एकच." काकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "बोला, बोला. वेळ आली की बघू." मी अर्थातच काकांच्या पक्षात होते आणि अजूनही आहे.

मग वेळ आली. स्वादुपिंडात गाठ निघाली, तीही उशिरा. क्लिनिकमध्ये काका स्वतःचे रिपोर्ट ब्रेकच्या रिपोर्टांसारखे वाचायचे, ओळीखाली पेन्सिलने रेघा मारत. नेमके त्याच आठवड्यात रब्बी आले. काकू काकांना सोडून हलायला तयार नव्हत्या. मला बाहेर गाठून म्हणाल्या, "तू जा. यांना सांगू नकोस."

"काकू, माझा विश्वास नाही हो."

"विश्वास माझा आहे. तू फक्त रांगेत उभी राहा."

मी गेले. रब्बी कोणाच्या तरी फ्लॅटवर उतरले होते. जिन्यात दोन तास उभी राहिले. दाराशी एक मदतनीस चिठ्ठ्या घेत होता. मी ठळक अक्षरांत लिहून आणलं होतं: काकांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. शाळेच्या दाखल्यापासून आपल्याला तीच सवय. त्याने चिठ्ठी परत दिली. वडील नकोत, म्हणाला. आजारी माणसासाठी प्रार्थना त्याच्या आईच्या नावाने करतात. आईचं नाव काय?

नऊ वर्षं या माणसाच्या घरी जेवले होते मी. त्याच्या आईचं नाव मला ठाऊक नव्हतं. लाज वाटली. काकूंना फोन लावला. तो काकांनी उचलला.

"ती कॉफी आणायला गेलीय. बोल."

"काका, तुमच्या आईचं नाव काय होतं? एक फॉर्म्युलार भरतेय."

"कुठला?"

माझ्यामागे कोणीतरी हिब्रूत बोलत होतं. बिघाडाचं मूळ शोधण्यात आयुष्य गेलेला माणूस तो.

"रांग मोठी आहे?"

"दारापर्यंत पोचलेय."

आता चांगली खरडपट्टी निघणार, असं धरून मी थांबले. "लेआ," ते म्हणाले. "लेआबाई. नीट लिही." आणि मग मी कधीच न ऐकलेल्या आवाजात, "मी घाबरलोय गं."

रब्बींनी माझ्याकडे न बघता चिठ्ठी घेतली, दोन्ही नावं मोठ्याने वाचली आणि डोळे मिटून मिनिटभर पुटपुटले. बाकीचे आमेन म्हणाले तशी मीही म्हणाले, चांगली खणखणीत.

परत आले तेव्हा काकांनी एकच विचारलं. "तिचं नाव मोठ्याने घेतलं?"

"घेतलं."

"कसं?"

मी म्हणून दाखवलं. "चाळीस वर्षं झाली ते नाव कोणी घेऊन," ते म्हणाले, आणि दुपारभर गाढ झोपले.

आशीर्वाद लागला का, असं लोक मला विचारतात. नाही लागला. गाठ तसूभर कमी झाली नाही, आणि हे मी कुठल्याही रब्बीसमोर सांगेन. पण त्या दुपारनंतर ते एकदाही घाबरलोय म्हणाले नाहीत, हेही तितकंच खरं. मी रोज जाऊन विचारत होते.

शेवटच्या दिवशी मी त्यांचं पांघरूण नीट करत बसले होते. त्यांनी डोळे उघडले.

"घाबरलीस?"

"हो."

हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवायला गेले, तो पोचेना. मीच वाकले.

"तुझ्या आईचं नाव काय?"

"सुमन."

त्यांनी माझं नाव घेतलं, मग आईचं, आणि पुढे हिब्रूत काहीतरी ओठातल्या ओठात. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. काकू खिडकीपाशी उभ्या होत्या. त्या आमेन म्हणाल्या.