घाटात न लागलेला ब्रेक

आज सोसायटीच्या खाली कुणाच्या तरी गाडीच्या तापलेल्या ब्रेकचा जळका वास आला आणि मला तो घाट आठवला. तेव्हा माझी मुलगी मांडीवर बसायची. एकवीरेचं दर्शन घेऊन आम्ही दिराच्या गाडीतून घाट उतरत होतो.

निघायच्या आधी मेकॅनिकने माझ्यासमोर सांगितलं होतं, "ब्रेक ऑइल काळं पडलंय. दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. जुनं ऑइल पाणी धरतं, घाटात तापलं की ब्रेक लागत नाही." मी म्हटलं, "भावजी, बदलून घ्या ना." दीर सगळ्यांसमोर हसला. "चवथी शिकलेली वयनी आता मना गारी शिकवनार!" पुढे लटकवलेलं लिंबू-मिरची मात्र तो दर शनिवारी न चुकता बदलायचा.

उतारावर ब्रेकवरचा त्याचा पाय पार खाली गेला, तरी गाडी थांबेना. शेवटी डोंगराच्या बाजूला घासत घासत ती थांबली. आत हाच वास भरला होता. दिराने उतरून चाकापुढे नारळ फोडला. "आईनं वाचवला आपल्याला!" सगळ्यांनी हात जोडले.

तेव्हा मला नुसती भीती वाटली होती. आता त्याचे ते जोडलेले हात आठवले तरी अंगाची आग होते. जीव धोक्यात घातला याने आणि निस्तरायचं देवीने!

थोड्या वेळाने तो म्हणाला, "गारी थंड झाली, लागला बघा ब्रेक. बसा वयनी." मी पोरीला कडेवर घेतलं आणि मागून येणाऱ्या भाजीच्या टेम्पोला हात केला.