जुन्या पत्त्यावर येणाऱ्यांसाठी

भटू गेल्याचा फोन आला तेव्हा मी कतारगामात एका हिरेवाल्याच्या ऑफिसात मोडेम बसवत होतो. कावीळ अंगावर काढली गाढवानं! चाळिशीही गाठली नाही. मला आधी रडू आलं नाही, राग आला... आता इतके आठवडे झाले, तरी तो पुरता गेलेला नाही.

सुरतेत इंटरनेट नवं होतं तेव्हा रिंग रोडवरच्या एका छोट्या कंपनीत भटू आणि मी कापडवाल्यांच्या वेबसाइटी सांभाळायचो. वेबसाइटचं नाव टाकलं की कुठल्या मशीनकडे जायचं, हे सांगणारं एक वेगळं मशीन असतं, नेमसर्व्हर. त्याचा स्वतःचा आकडी पत्ता बदलला की तो नावांच्या मुख्य नोंदणीत कळवावा लागतो, आणि तरीही ठिकठिकाणची मशीनं जुनाच आकडा धरून बसतात. आमच्या स्क्रीनवर नवा आकडा आला की मी काम झालं म्हणून जेवणाचा डबा उघडायचो. भटूचं तसं नाही. तो पुण्याला माझ्या मेव्हण्याला फोन लावायचा, ''भाऊजी, तुमच्याकडून बघा ना, कोणता आकडा येतो?'' जुना आला, की जुनं मशीनही चालूच. कंपनीचे शेठ गुजरातीत वैतागायचे, ''हवे जूनुं बंध कर ने, भाई!'' भटू ऐकेल तर शपथ. मला म्हणायचा, ''जुन्या पत्त्यावर कोणी आलं तर त्यानं काय भिंतीवर डोकं आपटायचं?''

काय हा चिकटपणा, असं मला वाटायचं. मग एकदा चहा पिताना त्यानं सांगितलं. त्याचे वडील कापडाच्या लूमवर कामाला होते. काम सुटलं, घरात कडाक्याचं भांडण झालं आणि ते शहरातल्याच नवागामच्या खोलीतून निघून गेले ते गेलेच. भटू तेव्हा शाळेत होता. पुढे कमावता झाल्यावर त्यानं आईसाठी चांगली जागा भाड्यानं घेतली, पण माउली हटेना. ''तुना बाप येई तं कोठे जाई?'' शेवटी भटूनं दर रविवारी जुन्या खोलीवर चक्कर मारायचं कबूल केलं, तेव्हा ती उठली. आई वारली तरी त्याची चक्कर थांबली नाही. लग्नाचा विषय काढला की ''वडील येऊ दे'' म्हणायचा. एकदा मी चिडून म्हणालो, ''अरे, यायचं असतं तर कधीच आले असते!'' तो शांतपणे म्हणाला, ''आलेही असतील रे... आम्ही नाही बघून परत गेले असतील तर?'' आयुष्य असं दाराकडे बघण्यात गेलं त्याचं. फार हळहळ वाटते.

गेल्या रविवारी मीच नवागामला गेलो. त्या खोलीत आता धुळ्याकडचं कुटुंब राहतं; वडील आले तर सांगायला भटूनं त्यांच्याकडे आपला पत्ता देऊन ठेवला होता. बाई कपडे वाळत घालत होत्या. भटू गेला म्हटल्यावर हातातला पिळा बादलीत टाकून ओट्यावर बसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, ''भाऊ, आते कोणी उना तं कोठला पत्ता सांगू?''

मी माझ्या घराचा पत्ता सांगितला.

''आणि वहिनी,'' मी म्हणालो, ''त्याचे वडील आले तर भटू गेल्याचं काही बोलू नका. नुसतं माझ्याकडे पाठवा. आधी घरात येऊन बसू दे त्यांना.''