कॉपी न काढता डिस्क दुरुस्त केली

चार तास वाचवायला गेलो आणि दुसऱ्याची सहा वर्षांची ड्रॉइंग घालवली.

चाकणला वर्कशॉप असलेले दत्ताभाऊ सकाळी काळेवाडीला माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आले. वर्कशॉपची सगळी ड्रॉइंग असलेल्या लिनक्सच्या डिस्कचं पार्टिशन माउंट होत नव्हतं, म्हणजे डिस्कचा तो भाग उघडतच नव्हता.

"निवांत बसा भाऊ. पंधरा वर्षांत माझ्या हातून एकही डिस्क वाया गेली नाही."

आधी पूर्ण डिस्कची कॉपी काढायची आणि दुरुस्ती कॉपीवर करायची, हे मीच सगळ्यांना शिकवतो. पण कॉपीला चार तास लागतात. मी दुरुस्तीची कमांड थेट मूळ डिस्कवर चालवली. पार्टिशन माउंट झालं, पण आत एकही फाइल नव्हती.

भाऊ हळूच म्हणाले, "राव, सोमवारी पोरांना कुठल्या कामाला लावू?"

मग त्यांनीच स्पीकरवर डेटा परत मिळवणाऱ्या एका जाणकाराला फोन लावला. सगळं ऐकून तो म्हणाला, "आता काही हाती लागणार नाही. कॉपी न काढता दुरुस्ती कुठल्या शहाण्यानं केली?"

भाऊंनी माझं नाव सांगितलं.