बाकं वाजली तेव्हा

बारावीला मी राज्यशास्त्र शिकवते. ब्रिटिश संसदेचा धडा रटाळ होऊ नये म्हणून यंदा तिथल्या पंतप्रधानांच्या प्रश्नोत्तरांचा व्हिडिओ दाखवला. विरोधी पक्षनेत्यानं सरकारी दवाखान्यांत रखडलेल्या ऑपरेशन्सबद्दल विचारलं. पंतप्रधानांनी त्याच्याच पक्षातल्या भांडणांवरून असा टोमणा मारला, की मागचे खासदार हसून लोटपोट झाले. वर्गही हसला. जवळच्या पूर्णा गावाहून, गोडाऊनच्या पट्ट्यातून येणारी एक मुलगी तेवढी म्हणाली, "मॅडम, ऑपरेशनचं काय? ते तर सांगितलंच न्हाय."

दुसऱ्या दिवशी आम्हीच सभागृह भरवलं. मी अध्यक्ष, ती विरोधी पक्षनेती, शेजारच्या काल्हेर गावचा एक बोलका मुलगा पंतप्रधान. तिनं विचारलं, "अध्यक्ष महोदय, शाळा सुटताना आमच्या रस्त्यावरचे ट्रक सरकार थांबवणार का?"

तो उठला. "अध्यक्ष महोदय, यांच्याच वडिलांनी गोडाऊनला जमीन दिलीय. त्या भाड्यातून यांची फी भरली जाते. आधी घरी विचारा!"

बाकं दणादण वाजली. मी "शांत राहा" म्हणत राहिले. त्याला कोणत्या नियमानं अडवायचं? ब्रिटिश संसदेतही समोरच्याला खोटारडा म्हणता येत नाही, पण असा टोमणा चालला असता.

ती लाल झाली, तरी उभीच राहिली. "दिली हाय जमीन. खोटं न्हाय. पण ट्रकचं काय ते सांगा."

तेवढ्यात तास संपला.

स्टाफरूममध्ये मला बसवेना. संध्याकाळी वर्गाच्या ग्रुपवर त्या मुलानं आपल्या टोमण्याचा व्हिडिओ टाकला. तिचं शेवटचं वाक्य कापलेलं. मी त्याला फोन केला. व्हिडिओ त्यानं लगेच काढून टाकला.

"सॉरी मॅडम. उत्तर सुचलं नाही, आणि तसं बोललं की सगळे हसतात."

"आता सुचलंय?"

"नाही."

"मग शोध. तिची माफी माग आणि पुन्हा उभा राहा."

त्यानं माफी मागितली. पुढच्या तासाला उत्तरही आणलं, शाळा सुटताना अर्धा तास ट्रक बंद. ती म्हणाली, "मग ते वळणावर रांग लावतील, रिक्षा कुठनं जाईल?" त्यानं ट्रक गोडाऊनच्या आवारातच थांबवायचं सुचवलं. तिथं जागा किती, यावरून दोघं भांडू लागले. मुद्द्याचं भांडण. मला हेच हवं होतं.

मागची बाकं मात्र मोबाईलमध्ये. एकानं जांभई देत विचारलं, "मॅडम, आज मजा न्हाय का?"

मी त्याला दटावलं. पण मजेसाठी तो पहिला व्हिडिओ मीच दाखवला होता, हे आठवून वर्गभर येरझाऱ्या घालत राहिले.