चाचांच्या खिशातले फुटाणे

अन्याय झाला तो आमच्या बाजार समितीच्या यार्डातल्या चाचांवर, आणि तो झाला गेल्याच्या गेल्या वर्षी, पोळ्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास, फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर. करणारा कोण, ते खाली येईल. आधी अन्याय, मग अन्याय करणारा आणि सगळ्यात शेवटी मागणी, याच क्रमानं लिहायची मला सवय आहे. शेतमालाच्या खऱ्या मोजमापासाठी मी सहा वर्षं पत्रकंच वाटत आलोय. फरक एवढाच, की आजवर मी ज्यांच्याबद्दल लिहिलं ती माणसं भोळी होती. चाचा भोळे नव्हते. अख्ख्या वाशीम जिल्ह्यात चाचांइतका संशयी माणूस दुसरा नाही, आणि शेजारच्या जिल्ह्यात एक आहे असं कुणी म्हणालं, तर चाचा आधी विचारतील, "तुले कोणं सांगतलं?"

चाचा खरे माझ्या शाळेतल्या दोस्ताचे चाचा. दोस्त पुण्याला नोकरीला गेला आणि चाचा मला राहिले. धान्याचं छोटं दुकान त्यांनी मुलाच्या हाती दिलं, पण यार्ड काही सुटलं नाही. रोज सकाळी येऊन, पांढरी दाढी कुरवाळत, एका ठरलेल्या पोत्यावर बसायचे. सोयाबीन घेऊन आलेला शेतकरी पोतं फोडायचा आणि आधी चार दाणे चाचांच्या तळहातावर ठेवायचा. चाचा दाणा उजव्या दाढेखाली घ्यायचे, डोळे मिटायचे, कट्ट असा आवाज यायचा, आणि मग निकाल: "बारा. लई तं साडेबारा." म्हणजे दाण्यातली ओल. ती बारा टक्क्यांच्या वर गेली की व्यापारी भाव पाडतो, म्हणून या निकालाला किंमत. व्यापाऱ्याकडे ओल मोजायची मशीन असते, आणि ती बहुतेक वेळा चाचांच्या दाढेशी सहमत व्हायची. एकदा झाली नाही. मशीन म्हणाली चौदा. चाचांनी तिच्याकडे, घरात नवीन आलेल्या सुनेच्या भावाकडे बघावं तसं बघितलं आणि म्हणाले, "इची बॅटरी बदल." बॅटरी बदलली. मशीन साडेबारावर आली. त्याच आठवड्यात मी पत्रक काढलं: 'चाचांची दाढ खरी, मशीन खोटी'. तेव्हापासून ती दाढ चाचांची राहिली नाही, ती आमच्या चळवळीची साक्षीदार झाली. हे मी अभिमानानं सांगायचो. आता तेवढ्या अभिमानानं सांगता येत नाही.

संशय हा चाचांचा व्यवसाय नव्हता, तो त्यांचा श्वास होता. एसटी स्टँडवर ते कंडक्टरला विचारायचे गाडी वाशीमला जाते का, मग ड्रायव्हरला विचारायचे, मग शेंगदाणेवाल्याला, आणि आत बसल्यावर शेजाऱ्याला विचारायचे की गाडी आली कुठून. कारण जी गाडी कुठून आली ते सांगत नाही, ती कुठं जाईल याचा काय भरोसा. वेळ विचारायची तर तीन माणसांना, आणि तिघांनी एकच वेळ सांगितली तर तिघं आधीच बोलून आले असावेत. नव्या सदऱ्याचं बटण शिंप्याला द्यायच्या आधी चावून बघायचे. लग्नात बिर्याणी आली की एक शीत समोरच्या दातांत धरून म्हणायचे, "तांदूळ यंदाचा हाये. दोन वर्षं जुना म्हून सांगून राह्यले." आणि कुर्त्याच्या डाव्या खिशात कायम फुटाणे. ते फुटाणे खायला नव्हते, तपासणीला होते. नवा माणूस भेटला की त्याच्या हातावर मूठभर ठेवायचे आणि तो कसा चावतो ते बघत बसायचे. मुलीला बघायला मुलगा आला, तेव्हा त्याची नोकरी, शिक्षण काही विचारलं नाही. फुटाणे दिले. पाहुणे गेल्यावर म्हणाले, "पोरगा चांगला हाये. पन जो एकाच बाजूनं चावते ना, तो काहीतरी लपवून राह्यला." निरोप गेला, मुलगा खजील होऊन परत आला, डावीकडची दाढ सहा महिने किडलेली होती आणि सुई नको म्हणून घरात सांगितलं नव्हतं. चाचा म्हणाले, "जाय, दाखवून ये, मंग निकाह." तोच जावई पुढं चाचांना दाताच्या शिबिरात हात धरून घेऊन गेला.

शिबिर यार्डाच्या सभागृहात होतं, हमालांसाठी आणि शेतकऱ्यांसाठी. डॉक्टर तरुण होता. त्यानं चाचांना रंगाची पट्टी चावायला लावली, जबडा डावीउजवीकडे हलवायला सांगितला, बराच वेळ बघितलं आणि चिठ्ठी लिहिली. ती चिठ्ठी घेऊन चाचा टपरीवर माझ्यासमोर आले. आता लक्षात घ्या, जो माणूस वेळ तिघांना विचारतो, त्यानं त्या दिवशी फक्त मला विचारलं. "वाच बेटा. हा खरं बोलून राह्यला का?"

चिठ्ठीत लिहिलं होतं: सगळे दात झिजलेत, चावा, म्हणजे वरचे-खालचे दात जिथं भेटतात ती उंची, खाली बसलाय, एकेक दात करून भागणार नाही, संपूर्ण तोंडाचं काम लागेल, आधी एक्स-रे काढून घ्या. मी फक्त 'संपूर्ण तोंड' एवढंच वाचलं. माझं डोकं तापलं.

"चाचा, एक तरी दात दुखतो का तुमचा?"

"दुखत तं नाही."

"मग चांगलं तोंड उकरून नवं कशाला बांधायचं? रस्त्याचं काम आहे का हे, दरवर्षी उकरायला? लूट आहे ही."

आणि मी ती चिठ्ठी त्यांच्यासमोर उभी फाडली. चाचांनी दोन्ही तुकडे उचलले, कुर्त्याच्या आतल्या खिशात ठेवले आणि चहा मागवला. शुक्रवारी माझं पत्रक बाहेर पडलं: 'दात तुमचे, धंदा त्यांचा'. मानोऱ्यापासून रिठदपर्यंत वाटलं. अन्याय करणारा कोण, ते आता वेगळं सांगायला नको.

त्यानंतरचे चौदा महिने आठवले की मला माझ्याच डोळ्यांची लाज वाटते. चाचांच्या खिशातले फुटाणे गेले आणि मुरमुरे आले. मी म्हटलं, वयानं माणूस मऊ होतो. टोस्ट ते चहात बुडवायला लागले, बुडवून वर काढायचे तर अर्धा चहातच राहायचा, टपरीवाला म्हणायचा, "चाचा, चमचा देऊ का?" आणि आम्ही हसायचो. सकाळी यायचे ते कानशिल चोळत. ओठांचे कोपरे चिरलेले असायचे, त्यावर बोटानं तूप लावायचे. हनुवटी नाकाकडे सरकत चालली होती, चेहराच जरा बुटका दिसायचा, आणि आम्ही म्हणायचो चाचा दिवसेंदिवस जास्तच रागीट दिसून राह्यले. पुतणीच्या लग्नात त्यांनी बिर्याणीचं शीत न चावता "बढिया हाये" म्हटलं, तेव्हा तरी मला कळायला हवं होतं. चाचांनी एखाद्या गोष्टीला तपासल्याशिवाय बढिया म्हणणं ही काही साधी घटना नव्हे. सोयाबीनचा दाणा ते आता समोरच्या दातांनी टोकरायचे आणि कान देऊन ऐकत बसायचे. निकाल मात्र त्याच आवाजात द्यायचे. "बारा."

मग गेल्या दिवाळीनंतर किन्हीराजाहून एक बाई टेम्पोभर सोयाबीन घेऊन आली. चाचांनी दाणा घेतला, डोळे मिटले. "बारा." मशीन म्हणाली पंधरा. मी वाटच बघत असल्यासारखा पोत्यावर चढलो. शोषण, यंत्र, दलाल, सगळे शब्द तोंडपाठ होते. माणसं जमली. बॅटरी बदलली, पंधरा. दुसऱ्या अडत्याची मशीन आणली, पंधरा. तिसरी आणली, ती चौदा पूर्णांक आठ. मी म्हणालो, तिघांची मिलीभगत आहे. तेव्हा ती बाई खालून माझ्या पायजम्याला ओढून म्हणाली, "भाऊ, खाली उतर. ओलीच हाये. परवा पानी लागलं तिले. मले वाळवू दे, भाषन मंग कर."

माणसं हसली. मला हसली असती तर चाललं असतं. ती चाचांकडे बघून हसली. कुणीतरी मागून म्हणालं, "चाचाची दाढ रिटायर झाली बे." चाळीस वर्षं ज्या माणसाच्या एका शब्दावर पोती उघडत आणि बंद होत, त्याच्या तळहातावर उरलेले तीन दाणे होते, आणि ते कुठं ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. चाचा उठले. मला बाजूला घेतलं.

"मशीन खरी बोलून राह्यली बेटा. मले वर्षभरापासून दाढंनं चावताच येत नाही. आवाजावरून अंदाज मारतो."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तू छापलं होतं ना, लूट हाये म्हून." आणि म्हणाले, "आन् तू तं माही दाढी पाहून नाही, दाढ पाहून भरोसा ठेवला होता. मंग म्या तुह्या कागदावर ठेवला."

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना वाशीमला घेऊन गेलो, दुसऱ्या डॉक्टरकडे. मॅडम होत्या. एक्स-रेच्या मशीनसमोर उभं केल्यावर चाचांनी विचारलं, "इची बॅटरी कवा बदलली?" मॅडम म्हणाल्या, "विजेवर चालते चाचा. पण विचारलंत ते बरं केलंत." आणि पडद्यावर एकेक दात दाखवत गेल्या. जमिनीची धूप व्हावी तसे दात दोन्हीकडून खाली गेले होते. चाचांनी आतल्या खिशातून चिठ्ठीचे दोन तुकडे काढले, टेबलावर एकमेकांना लावले आणि म्हणाले, "हे वाचा. यानं खरं लिवलं होतं का?" चौदा महिने प्रत्येक कुर्त्यातून काढून पुढच्या कुर्त्यात ठेवले होते ते तुकडे त्यांनी. भरोसा माझ्यावर ठेवला होता. पुरावा मात्र सांभाळून ठेवला होता.

मॅडमनी वाचलं. "बरोबर लिहिलंय. तेव्हा आला असता तर उजवीकडच्या तीन दाढा वाचल्या असत्या."

मी भिंतीवरचं दातांचं चित्र बघत राहिलो. मग विचारलं, अजूनही थोडं भांडणाच्याच सुरात, की दुखतच नव्हतं तर माणसानं ओळखायचं कसं. त्या म्हणाल्या, "एक दात दुखला तर एक दात करा, कुणी सगळं तोंड करा म्हणालं तर भांडा. पण दुखत नसताना खाणंच बदललं असेल, एकाच बाजूनं चावणं, कडक सोडून मऊ खाणं, सकाळी जबडा आखडणं, दात आखूड होत जाणं, तर एका दातावर भागत नाही, सगळा चावा बघावा लागतो. आणि संशय आला तर जरूर घ्या. एक्स-रे काढून दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. संशय घेऊन घरी बसू नका." हे सगळं चाचा मान डोलवत ऐकत होते. त्यांच्या आयुष्यात संशयाची इतकी नीट पद्धत त्यांना पहिल्यांदाच कुणी सांगत होतं.

काम सात महिने चाललं. आधी तात्पुरते दात लावून चाव्याची उंची जमते का ते बघितलं. चाचांनी त्या दातांनी घरातली एकूण एक वस्तू चावून पाहिली असं जावई सांगतो. आता ते भाकरी खातात, कानशिल दुखत नाही, चेहरा पूर्वीइतका लांब झालाय. यार्डात त्याच पोत्यावर बसतात, आणि मागून हसलेली माणसंच आता त्यांच्यासाठी चहा सांगतात. पण शेतकऱ्यानं दाणे पुढं केले की तळहात मागं घेतात. "मशीनले विचार. बॅटरी पाहून."

मी एकदा म्हटलं, चाचा, आता तर दात मजबूत झाले, एक दाणा घेऊन तरी बघा. त्यांनी घेतला. उजवीकडे ठेवला, डोळे मिटले. कट्ट आवाज आला, पहिल्यासारखाच. त्यांनी दाण्याची दोन शकलं तळहातावर काढून पाहिली.

"नवी दाढ चावते बेटा," ते म्हणाले. "सांगत नाही."

म्हणून ही मागणी, आणि ती तुमच्याकडे. आज जेवायच्या आधी घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाच्या हातावर मूठभर फुटाणे ठेवा आणि समोर बसा. मोबाइल बाजूला ठेवा. तो कोणत्या बाजूनं चावतो ते बघा, शेवटच्या फुटाण्यापर्यंत बघा. एकाच बाजूनं चावत असेल, गिळत असेल, हसून "मुरमुरे नाहीत का" म्हणत असेल, तर उद्या त्याला दाखवायला घेऊन जा. आणि 'दात तुमचे, धंदा त्यांचा' असं माझं एक जुनं पत्रक तुमच्या घरात कुठं पडलं असेल, तर ते फाडा, आणि तुकडे जपून ठेवू नका.