कोंडाजीची चावरी पेटी

वडिवळ्याच्या कोंडाजीने तुंगार्लीतल्या एका बंगल्यावर अठरा वर्षं साफसफाईची नोकरी केली. कामाला माणूस चोख, पण घरी आला की पाण्याचा तांब्यासुद्धा हातात लागायचा. त्रेसष्ट साली बंगल्याच्या बाई सगळं विकून विलायतेला निघाल्या, तेव्हा आठवण म्हणून त्यांनी त्याला एक चिनी पेटी दिली. काळ्या लाकडाची, जुनीपुराणी, ना कडी ना कुलूप. अंगावरच्या सात पट्ट्या ठरलेल्या क्रमाने सरकवल्या तरच झाकण उघडायचं. एक जरी चुकली, तर फटीतून पातं सपकन बाहेर यायचं. बाईंच्या आजेसासऱ्यांचं अर्धं बोट त्यातच गेलं होतं म्हणे.

शहाण्या माणसाने असली वस्तू माळ्यावर टाकली असती. कोंडाजीने तीत बायकोची, मुक्ताबाईची नथ ठेवली आणि आता चोराचा बापही ती उघडणार नाही, असं गावभर सांगत फिरला. गावाला सांगायची काय गरज होती, ते मला अजून कळलेलं नाही.

कित्येक महिन्यांनी, मुलीच्या साखरपुड्याच्या सकाळी तो नथ काढायला बसला आणि अडला. बंगल्यावर रोज हीच पेटी उघडून तो आतून पुसायचा, पण आता आधी कुठली पट्टी, तेच आठवेना. नथ सासूने दिलेली. ती घातल्याशिवाय विहिणीसमोर येणार नाही, असं सांगून मुक्ताबाई चुलीपाशी जाऊन बसली. तेवढ्यात पाहुणे कामशेतला उतरल्याचा निरोप आला.

सोयरीक जुळवणारे अंबाजी आबा मदतीला धावले. त्यांचा आपल्या मिशांवर पोटच्या पोरांपेक्षा जास्त जीव. कोंडाजीने अंदाजाने एक पट्टी सरकवली, आबा नीट बघायला खाली वाकले, आणि त्यांच्या मिशीची डावी बाजू पेटीवर येऊन पडली. आबा तोंडावर उपरणं धरून कोपऱ्यात बसले, ते त्यांनी दिवसभर खाली घेतलंच नाही. कुणीतरी कुऱ्हाड आणायला सांगितली. पेटीबरोबर नथही फुटेल म्हणून कोंडाजी रडकुंडीला आला. खरं सांगतो, मलाही त्याची दया आली.

तेव्हा मुक्ताबाई बाहेर आली. तिने हातातलं फडकं त्याच्या खांद्यावर टाकलं.

“आवं, उगडू नगा,” ती म्हणाली. “बंगल्यावर पुसत व्हता, तशी निसती पुसा.”

कोंडाजीने फडकं झटकलं. डोळे पाहुण्यांच्या वाटेकडे, हात पेटीवर. वरून पुसली, बाजूने पुसली, फुंकर मारली, खालून पुसली. फडक्याखाली एकेक पट्टी सरकत सात वेळा टक असा आवाज झाला आणि झाकण उघडलं. त्याला पत्ताच नाही. तो सवयीने आतूनही पुसायला लागला, तेव्हा नथ फडक्याला अडकून वर आली.

विहीण आली तेव्हा मुक्ताबाई नथ घालून उंबऱ्यात उभी होती. साखरपुडा थाटात झाला. पाहुणे गेल्यावर तिने तेच फडकं नवऱ्याच्या हातात दिलं आणि भांड्यांच्या फळीकडे बोट दाखवलं.

“आठरा वर्सं लोकाचं घर पुसलंत,” ती म्हणाली. “आता हात इसरायला नगं.”

कोंडाजीने फळी पुसली. तेव्हापासून रोज पुसतो.