गोचीडबाई

माझी धाकटी मावशी आरोग्य खात्यात होती. काम असं, की चारचौघांत सांगायची सोय नाही. काठीला बांधलेलं पांढरं कापड ती रानाकडेच्या गवतातून ओढत न्यायची, थोड्या थोड्या अंतरावर उलटून बघायची आणि चिकटलेल्या गोचिडी चिमट्याने उचलून बाटलीत टाकायची. लोकांनी तिचं नाव 'गोचीडबाई' ठेवलं. "चिकटलीस की सुटत नाहीस, शोभतं तुला," आई म्हणायची. मावशी खो खो हसायची.

एका वर्षी रानाला लागून उभ्या राहिलेल्या नव्या वसाहतीत माणसं तापाने आडवी व्हायला लागली. तीन आठवड्यांत अकरा जण. सगळ्यांनी पाण्यावर खापर फोडलं, टाकी दोनदा धुतली. मावशी मात्र दारोदार एकच विचारत होती, "ताप यायच्या आधी कुठे बसला होतात?"

"कुठे बसणार बाई? मागच्या बाकावर, शेंगा सोलत," निवृत्त पोस्टमनकाकांच्या घरच्या काकू कण्हत म्हणाल्या.

मावशी मागे गेली. बाक गर्द सावलीत. खाली घोटाभर ओला पाला, शेजारी लाकडांचा ढीग, ढिगात उंदरांचा संसार. कुंपणापाशी हरणं यायची आणि लोक कौतुकाने त्यांना भाजीचे देठ टाकायचे. तिने कापड फिरवलं. पंधरा पावलांत एकतीस गोचिडी, काही तर तिळाएवढ्या. पुढच्या उन्हातल्या अंगणात एकही नाही. काकूंच्या गुडघ्यामागे चाव्याचा डाग सापडला. तपासणीत गोचिडीचाच ताप निघाला, औषध बदललं आणि काकू उठून बसल्या.

मग वसाहतीची सभा झाली. "म्हणजे गोचिडी आणतात म्हणून हरणांना हाकलायचं?" पोस्टमनकाका भडकले.

"त्यांना कशाला बोल लावता, काका? आपणच त्यांच्या मांडीवर जाऊन बसलोय. देठ टाकू नका, पाला झाडा, लाकडं उन्हात हलवा. आणि घरी आलात की एकमेकांची पाठ बघा."

"या वयात कोण बघतंय पाठ!" काकू म्हणाल्या. सभा हशात बुडाली आणि पाला होता तिथेच राहिला.

मग मावशीनेच फावडं उचललं. रोज कामावरून सुटली की पँट मोज्यात खोचून एकटीच पाला ओढायची. पंधराव्या दिवशी तिलाच ताप भरला. इतकी जपणारी बाई, पण मानेवर केसांत लपलेली एक नजरेतून सुटली.

काका दवाखान्यात आले ते मान खाली घालूनच. "पोरी, आम्ही हसत बसलो गं."

"हसा की. पण हसताना हात चालू दे," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी काकांनी घरोघर हाका मारल्या. आठवड्यात सगळी कुंपणकड मोकळी झाली, रान आणि अंगण यांच्यामध्ये खडीचा रुंद पट्टा पडला. पुढच्या वर्षी ताप आला तो फक्त दोघांना, आणि दोघंही पहिल्याच दिवशी दवाखान्यात पोचले.

मावशीचे सांधे मात्र त्या तापापासून थंडीत अजून धरतात. मी तेल चोळते आणि ती डोळे मिटून मला बजावते, "रानवाटेने जाताना मधून चालत जा गं. कडेच्या गवताला अंग घासू नकोस."